मैदान की मिस्ड कॉल? कार्यकर्ता होण्याच्या दोन वाटांचं परीक्षण

उजव्या विचाराच्या कामात उतरायचं ठरवलेल्या माणसापुढे महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन दारं असतात. एक राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मैदानावर भरणाऱ्या शाखेचं, दुसरं भारतीय जनता पक्षाच्या सदस्यतेचं. बाहेरून ती एकाच वाड्याची वाटतात. आत गेल्यावर कळतं की बिऱ्हाडं दोन आहेत आणि मधली भिंत सामायिक आहे. विचार पटतो की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. इथे दोन्हींकडे निव्वळ सेवा म्हणून पाहिलं आहे: दाखल व्हायला काय लागतं, वेळ किती जातो, हाती काय पडतं, बिघडतं कुठे.

पक्षाची सदस्यता मिळायला पाच मिनिटं पुरतात. 2 सप्टेंबर 2024 ला सुरू झालेल्या मोहिमेत 8800002024 वर मिस्ड कॉल द्यायचा, आलेल्या लिंकवर नाव, पत्ता, मतदारसंघ भरायचा, की डिजिटल कार्ड मोबाइलवर हजर. नमो अ‍ॅप, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड हे आणखी तीन मार्ग होते. जुन्या सदस्यांनाही नव्याने नोंदणी करावी लागली, अगदी पंतप्रधानांनाही. महाराष्ट्रात मधे विधानसभा निवडणूक आल्यामुळे मोहिमेने जोर धरला तो 2025 च्या सुरुवातीला.

पुढची पायरी सक्रिय सदस्यत्वाची. त्यासाठी आपल्या नावावर 50 प्राथमिक सदस्य नोंदवायचे आणि 100 रुपये भरायचे. मंडल, म्हणजे पक्षाच्या स्थानिक एककाच्या पातळीपासून पुढे संघटनेतलं पद हवं असेल तर ही पायरी चुकत नाही. गडबडही इथेच सुरू होते. पन्नासचा आकडा गाठायचा म्हणून आधी घरचे, मग सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग पुतण्याच्या कॉलेजची मुलं पकडली जातात. मिस्ड कॉल होतो, पण पुढचा फॉर्म कुणी पुरा भरत नाही. भरला तर बूथ क्रमांक माहीत नसतो. पक्षाकडे मोबाइल नंबर जमतो, निवडणूक मात्र मतदारयादीवर लढवायची असते, आणि तिथे माणूस शोधायचा तो भाग क्रमांक आणि अनुक्रमांकाने. या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. 2014-15 च्या मोहिमेत दहा कोटींच्या वर सदस्य झाल्याचं पक्षाने जाहीर केलं आणि लगेच त्याच सदस्यांना प्रत्यक्ष भेटण्यासाठी महासंपर्क अभियान हाती घ्यावं लागलं. नोंदणी म्हणजे ओळख नव्हे, हे पक्षालाही ठाऊक आहे.

ही ओळख घडवण्यासाठी पक्षाने बनवलेली वस्तू म्हणजे पन्ना प्रमुख, मतदारयादीच्या एका पानाची जबाबदारी घेणारा कार्यकर्ता, आणि आमच्या मते संपूर्ण यंत्रणेत सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग हाच. मतदारयादीच्या एका पानावर साधारण 30 नावं असतात, तीन उभे स्तंभ आणि दहा ओळी. दोन्ही बाजू धरल्या तर 60. घरं मोजली तर एका बाजूला सात-आठ, फार तर दहा. एवढी घरं एका माणसाला सांभाळता येतात. पन्ना प्रमुखाच्या वर बूथ प्रमुख, मग पाच-सहा बूथ मिळून शक्तिकेंद्र, मग मंडल.

काम नीट करायचं असेल तर क्रम असा. मतदानाच्या दोन-तीन महिने आधी पान घेऊन प्रत्येक घरी एक फेरी, तीही मत मागायला नव्हे, यादी तपासायला. मयत कोण, सासरी गेलेली मुलगी कोणती, दोनदा लागलेलं नाव कुणाचं, अठरा पूर्ण केलेलं पोर कोणतं. नवं नाव घालायला नमुना 6, वगळायला 7, दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला 8. उमेदवारी अर्जांची मुदत जवळ आली की नवी नावं घेणं थांबतं, त्यामुळे ही फेरी लांबवली की सगळं पाणी. दुसऱ्या फेरीत नावांपुढे खूण करायची: आपला, कुंपणावरचा, विरोधातला. तिसरी फेरी चिठ्ठ्यांची. मतदानाच्या दिवशी वाटायची चिठ्ठी पांढऱ्या कागदावर, उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह न छापलेली लागते. टेबल केंद्रापासून 100 मीटरच्या पलीकडे (2025 पर्यंत हे अंतर 200 मीटर होतं), एक टेबल आणि दोन खुर्च्या, बस. आतल्या प्रतिनिधीने मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी पोचायचं, कारण अभिरूप मतदान त्याच वेळी होतं. त्यात किमान 50 मतं टाकून, मोजून, यंत्र रिकामं करून दाखवतात. संध्याकाळी नमुना 17 क ची प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही. किती मतं पडली याचा सहीचा कागद तोच.

दुपारी एकच्या सुमारास बाहेरच्या टेबलावरच्या यादीत ‘आपला’ अशी खूण असलेली पण अजून न आलेली नावं काढायची आणि त्या घरांची कडी वाजवायची. निवडणूक जिंकण्याची मेहनत म्हणतात ती बऱ्याच अंशी या एका तासात असते.

कागदावर हे झकास आहे. जमिनीवर तीन ठिकाणी फाटतं. शहरात पुनर्विकासाला गेलेल्या चाळीतले मतदार यादीत जुन्या पत्त्यावरच असतात. पान हातात आहे, घरंच नाहीत. मराठवाड्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हंगाम सुरू झाला की गाव सोडतात, आणि 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला, ऐन हंगामाच्या तोंडावर होती. तिसरी फाट माणसांची. पन्ना प्रमुखांची यादी वरून मागितली जाते, मुदतीत पाठवावी लागते, मग बूथ प्रमुख एका बैठकीत बसून नावं भरून टाकतो. ज्याचं नाव भरलं त्याला आपण पन्ना प्रमुख आहोत हे मतदानानंतर कळतं. ज्या पानांवर खरा माणूस आहे तिथे गुण पाचपैकी साडेचार. बाकी पानं शोभेची.

हा खरा माणूस येतो कुठून, याचं उत्तर दुसऱ्या दारात आहे.

शाखेत दाखल व्हायला फॉर्म नाही, फी नाही, कार्ड नाही. संकेतस्थळावरून नाव नोंदवायची सोय आहे, पण ती निरोपापुरती. कुणीतरी फोन करून जवळच्या शाखेची वेळ सांगतो. प्रभात, सायं किंवा रात्र, जी जमेल ती. रोज एक तास. शिट्टी, ‘संघ दक्ष’, भगव्या ध्वजाला प्रणाम, मग व्यायाम, सूर्यनमस्कार, दंड, खेळ, गीत, सुभाषित, थोडी चर्चा, प्रार्थना आणि ‘विकिर’. रोज न जमणाऱ्यांसाठी साप्ताहिक मिलन. गणवेशाची सक्ती पहिल्या दिवशी नसते, तो उत्सवांना लागतो. 2016 च्या विजयादशमीपासून खाकी अर्धी विजार जाऊन तपकिरी फुल पँट आली, ही ज्येष्ठांच्या गुडघ्यांची मोठी सोय. पैशाचा विषय वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेच्या सुमारास: बंद पाकिटात गुरुदक्षिणा, आकडा कुणी विचारत नाही. दैनंदिन शाखा पुरुषांची असते. स्त्रियांसाठी लक्ष्मीबाई केळकरांनी 1936 मध्ये वर्ध्यात स्थापलेली राष्ट्र सेविका समिती स्वतंत्र चालते.

बाहेरच्याला कवायत दिसते. सेवेचा गाभा मात्र कवायतीत नाही, हजेरीत आहे. आज कोण आला नाही हे शाखा घेणाऱ्या मुख्य शिक्षकाला कळतं आणि काही स्वयंसेवकांची जबाबदारी असलेला गटनायक संध्याकाळी त्याच्या घरी डोकावतो. चहा होतो, आजीची तब्येत विचारली जाते. असं पाच-दहा वर्षं चाललं की त्या वस्तीतली कुठली घरं कुणाची, कुठल्या घरात निर्णय कुणाचा, हे सगळं पाठ होतं. पक्षाचं अ‍ॅप जे गोळा करू पाहतं ते इथे डोक्यात साठलेलं असतं. शिवाय कडी वाजवणारा माणूस घरच्यांना मत मागायला आलेला वाटत नाही, कारण एरवीही तो येतोच.

उणिवाही याच पोटातल्या. वेळ प्रचंड लागतो. वर्गांना रजा काढावी लागते: प्राथमिक वर्ग आठवडाभराचा, पुढचा संघ शिक्षा वर्ग पंधरा दिवसांचा आणि शेवटचा कार्यकर्ता विकास वर्ग पंचवीस दिवसांचा, नागपूरला रेशीमबागेत. टॉवरच्या वस्त्यांत सुरक्षारक्षकाला ओलांडून जाणारा गटनायक अजून घडायचा आहे. आणि वाद घालायची हौस असणाऱ्याची इथे घुसमट होते. बैठकीत मत मांडता येतं, पण निर्णय झाला की तो सगळ्यांचा.

आता मधल्या भिंतीविषयी. ती मुद्दाम बांधलेली आहे. गांधीहत्येनंतर घातलेली बंदी 1949 मध्ये उठताना संघाने लिखित घटना स्वीकारली. राजकीय पक्षाचा पदाधिकारी असताना संघाचं पद घेता येत नाही, हा नियम तिच्यातलाच. म्हणजे मंडल अध्यक्ष व्हायचं तर शाखेतलं दायित्व सोडायचं; स्वयंसेवक मात्र राहता येतं. 1951 मध्ये भाजपचा पूर्वावतार असलेला जनसंघ निघाला तेव्हा दीनदयाळ उपाध्याय, नानाजी देशमुख यांच्यासारखे प्रचारक, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्ते, संघाने दिले आणि माणसं ‘देण्याची’ पद्धत तेव्हापासून पडली. भाजपमध्ये संघटन मंत्री हे पद बहुधा अशा दिलेल्या माणसाकडे असतं. तो निवडणूक लढवत नाही, यंत्रणा सांभाळतो. गरज पडली की परतही जातो. 2019 मध्ये रामलाल पक्षातून संघात परतले आणि त्यांच्या जागी बी. एल. संतोष आले. जनसंघ ज्यात विलीन झाला त्या जनता पक्षात हीच भिंत पक्ष आणि संघ अशा दुहेरी सदस्यत्वाचा वाद होऊन उभी राहिली, समाजवादी नेते मधू लिमये यांनी तो लावून धरला, आणि 6 एप्रिल 1980 ला भाजप वेगळा झाला.

ज्याला केंद्र सरकारची नोकरी आहे त्याने एक फरक लक्षात ठेवावा. केंद्राच्या कर्मचाऱ्यांवर संघाच्या कामात भाग घेण्याची जी बंदी होती ती जुलै 2024 मध्ये उठली. राजकीय पक्षाचं सदस्यत्व मात्र वर्तणूक नियमांनुसार त्यांना आजही बंद आहे. शाखेत जा, मिस्ड कॉल देऊ नका.

जोडणी सैल झाली की काय होतं, याची चाचणी 2024 ने दोनदा घेतली. मे महिन्यात पक्षाध्यक्ष जे. पी. नड्डा यांनी एका मुलाखतीत सांगितलं की पक्ष आता सक्षम आहे, स्वतःचं काम स्वतः चालवतो. लोकसभेला महाराष्ट्रात 28 जागा लढवून 9 आल्या. 2019 मध्ये 23 होत्या. 10 जूनला रेशीमबागेत सरसंघचालक मोहन भागवत खऱ्या सेवकाला अहंकार नसतो असं बोलले, आणि संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकातल्या एका लेखात अजित पवारांशी केलेल्या सोयरिकीवर उघड टीका आली. पुढच्या पाच महिन्यांत छोट्या बैठका, ‘सजग रहो’ची पत्रकं आणि मतदान शंभर टक्के व्हावं म्हणून घरोघर फेऱ्या झाल्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान सुमारे 61 वरून 66 टक्क्यांवर गेलं आणि भाजपच्या 132 जागा आल्या. हे सगळं श्रेय मैदानाला देणं भाबडेपणाचं ठरेल. लाडकी बहीणचे दरमहा 1,500 रुपयेही त्याच पाच महिन्यांत खात्यात पडत होते, आणि दोन्हींचा परिणाम वेगळा काढून दाखवणारा तराजू कुणाकडे नाही. तरी एवढं म्हणता येतं की पक्षाच्या अ‍ॅपमध्ये मेमध्ये जे होतं तेच नोव्हेंबरमध्ये होतं. बदलली ती कडी वाजवणाऱ्यांची संख्या.

दोन्ही दारांवर न लिहिलेली एक अट मात्र आधी वाचून घ्यावी. उमेदवार ठरवण्यात तुमचा हात नसतो. अमेरिकेत टी पार्टी या उजव्या चळवळीच्या हातात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीचं हत्यार होतं, तिथे पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात. जून 2014 मध्ये व्हर्जिनियात त्यांच्या पाठिंब्यावर डेव्हिड ब्रॅट या प्राध्यापकाने रिपब्लिकन पक्षाचे सभागृहनेते एरिक कँटर यांना पक्षाच्याच मतदारांकडून घरी पाठवलं. आपल्याकडे तशी सोय नाही. लोकसभा-विधानसभेचं तिकीट दिल्लीतली केंद्रीय निवडणूक समिती ठरवते, आणि वीस वर्षं सतरंज्या उचललेल्याला काल आलेल्या पाहुण्याच्या चिठ्ठ्या वाटाव्या लागतात. नाराजी सांगायची वाट एकच: संघटन मंत्र्याच्या कानावर घालायची. वरच्या पातळीवर दोन्हींच्या संपर्काचं काम संघाचे सहसरकार्यवाह अरुण कुमार पाहतात आणि वर्षातून एकदा समन्वय बैठक होते, 2023 ची पुण्यात झाली. पण तुमच्या प्रभागातला उमेदवार तिथल्या विषयपत्रिकेवर असेल अशी आशा धरू नये.

म्हणून निवड सोपी आहे. नगरसेवकपदाचं तिकीट, समितीवरची नेमणूक, निदान फलकावर फोटो असं काही मनात असेल तर पहिल्या दारानेच जा, आणि आपल्या पन्नास जणांचा बूथ क्रमांक स्वतः भरून घ्या. मंडलात तुमचं वजन त्यावर ठरेल. निवडून आल्यावर सभागृहाचं कामकाज शिकायला उत्तनची रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे; 1982 पासून चालणारी ही संस्था लोकप्रतिनिधींना शिकवण्यात मुरलेली आहे. वस्तीत ओळख हवी, दहा वर्षं थांबायची तयारी आहे आणि नाव छापून आलं नाही तरी चालेल, तर दुसरं दार. दोन्हीकडे एक एक पाय ठेवणारे बरेच असतात. त्यांची संध्याकाळ एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जाण्यात जाते.

बाहेर पडायची सोय कशी, हे परीक्षणात सहसा सुटतं. पक्षाचे संदेश नंबर ब्लॉक केला की थांबतात, आणि पुढच्या मोहिमेत नव्याने नोंदणी केली नाही की विषय संपला. शाखेत फॉर्मच भरलेला नसल्याने राजीनामा कशाचा देणार? जाणं थांबवा. संक्रांतीला कुणीतरी तिळगूळ घेऊन दारात उभा असेल.