जुनी सायकल: शॉकअपवाली की हायब्रिड?

सकाळी तासभर रपेट मारायचीय, तर जुन्या बाजारात या दोन हमखास दिसतात. पुढे-मागे शॉकअप असलेली एमटीबी (डोंगरवाटांची माउंटन बाइक) दिसते दणकट. पण स्वस्तातले शॉकअप वजन वाढवतात आणि पायडलचा बराच जोर स्प्रिंगच खाते. खड्ड्यांत जाड टायर सुखाचे, हे मात्र खरं. हायब्रिड म्हणजे एमटीबी आणि रस्त्यावरच्या रेसिंग सायकलचा मेळ; तिची ७०० सी मापाची मोठी चाकं, अरुंद टायर डांबरीवर सुसाट. मी हायब्रिडच घेईन.

कुठलीही असो, चाक उचलून फिरवा. रिम एकाच जागी ब्रेकला घासली तर चाक आऊट, म्हणजे वाकडं आहे; ते सरळ करून मिळतं. पायडलजवळच्या दातेरी चक्रावरची चेन बोटाने ओढा. दाते उघडे पडले तर ती ताणलीय. मग नवी चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) यांचा खर्च भावातून वजा करूनच मागा. फ्रेमच्या जोडाला तडा असेल तर फुकटही नको.