जयनगर–जनकपूर रेल्वे: दर्शनाला छान, घाई असेल तर नको

बिहारमधल्या जयनगरहून नेपाळच्या जनकपूरधामला जाणारी ही गाडी म्हणजे आपली साधी पॅसेंजर. सीमा ओलांडते म्हणून फार काही वेगळं मिळेल असं समजू नका. १९३७ पासून इथे अडीच फुटी नॅरोगेज होती. ती २०१४ मध्ये बंद पडली आणि ब्रॉडगेजवरची सेवा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. पाच डब्यांचे दोन डेमू (म्हणजे वेगळं इंजिन न लागणारे, डिझेलवर चालणारे) संच कोकण रेल्वेने सप्टेंबर २०२० मध्येच पोचते केले होते. पण नेपाळकडे ते चालवायला माणसं नाहीत, रेल्वेचा कायदा नाही, म्हणून ते दीड वर्ष उभेच होते.

मुंबईहून सोपा मार्ग म्हणजे कुर्ल्याच्या एलटीटीहून सुटणारी पवन एक्स्प्रेस. ती थेट जयनगरला नेते. पुढचं तिकीट मात्र आयआरसीटीसीवर शोधत बसू नका. जयनगरला नेपाळ रेल्वेचं स्टेशन वेगळं, शेजारीच आहे आणि तिकीट तिथल्या खिडकीवर मिळतं. पवन उशिरा पोचली तर ही गाडी थांबत नाही. त्यामुळे दोन गाड्यांमध्ये भरपूर वेळ ठेवा, शक्यतो एक मुक्कामच.

खरी अडचण होते ती ओळखपत्राची. आधार कार्ड खिशात टाकून निघालेला धडधाकट माणूस इथे अडकू शकतो. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड, तेही मूळ, जवळ हवं. पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना फोटो असलेली इतर कागदपत्रंही चालतात. भारतीय आणि नेपाळी सोडून तिसऱ्या देशाच्या नागरिकाला या गाडीत प्रवेश नाही. सोबत परदेशी पाहुणा असेल तर बेत रस्त्याने आखा.

पलीकडचं पहिलं स्टेशन इनरवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही. परतीची वेळ विचारताना ती नेपाळी की भारतीय, हेही विचारा. पैशांचंही तसंच. तिकडे आपल्या रुपयाला ‘आयसी’ म्हणतात, नेपाळी रुपयाला ‘एनसी’. शंभर आयसी म्हणजे एकशे साठ एनसी. दुकानदाराने नुसता आकडा सांगितला तर कुठले, ते आधी ठरवा. आपल्या शंभराच्या नोटा बिनदिक्कत चालतात, म्हणून त्याच जास्त न्या.

विवाहपंचमीला, म्हणजे राम-सीतेच्या लग्नाच्या दिवशी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, जनकपुरात एवढी गर्दी लोटते की या गाडीत म्हाताऱ्या माणसांना चढवू नये. एरवी सामान हलकं असेल तर प्रवास सुखाचा होतो. स्टेशनवरून जानकी मंदिराला ई-रिक्षा मिळते.

२०२३ पासून गाडी जनकपूरनंतरच्या कुर्था स्टेशनच्याही पुढे बिजलपुरापर्यंत जाते, पण रेल्वेचं वेड नसेल तर तिथवर जाण्यात अर्थ नाही. काठमांडू गाठायचं असेल तर जनकपूरलाच उतरून बस धरा. पूर्व-पश्चिम महामार्गावरच्या बर्दिबासपर्यंतचा रेल्वेचा टप्पा अजून व्हायचा आहे.