कडेवर दुमडलेली सही

ताईने चित्रावरून अंगठ्याचं नख हळूच फिरवलं, नाक कॅनव्हासला टेकेल इतकं जवळ नेलं आणि म्हणाली, "तैलरंग म्हणालास ना? मग वास कुठे गेला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या पन्नाशीला काहीतरी खास द्यायचं म्हणून मी 'हाताने रंगवलेली' प्रतिकृती मागवली होती. चित्र फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज'. फ्रान्समधलं ल हाव्रचं बंदर, धुक्यात विरलेली डोलकाठ्यांची रांग, पुढे पाण्यावर दोन-तीन काळपट होड्या आणि तो नारिंगी सूर्य. 1874च्या प्रदर्शनावर लिहिताना लुई लेरॉय नावाच्या समीक्षकाने या चित्राच्या नावावरूनच 'इम्प्रेशनिस्ट', म्हणजे नुसता ठसा उमटवणारे, म्हणून टिंगल केली आणि तीच टिंगल पुढे चित्रकलेतल्या अख्ख्या चळवळीचं नाव होऊन बसली. ताई स्वतः थोडंफार रंगवते. ही गोष्ट तिनेच मला कधीतरी सांगितलेली.

आधीच सांगतो, नक्कल मागवण्यात काही गैर नाही. मोने 1926 साली गेला, कॉपीराइट केव्हाच संपला, त्यामुळे त्याच्या चित्रांची नक्कल कुणीही करून विकू शकतो आणि चांगली नक्कल करायला हात लागतो. मी फसलो ते 'हाताने' या शब्दावर.

विक्रेत्याशी सगळा व्यवहार चॅटवर झाला. बोलणं इतकं गोड की विचारू नका. "सर, आमचे कलाकार वीस वर्षं फक्त इम्प्रेशनिस्टच करतात." काम चालू असतानाचे फोटो येत होते : आधी निळसर अस्तर, मग धुकं, मग ब्रश धरलेला एक हात. चेहरा कधीच नाही. पूर्ण पैसे आगाऊ आणि तेही थेट खात्यात, "कार्डने घेतलं तर कमिशन जातं सर." मी ते मानलं. कार्डने दिले असते तर निदान बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायची सोय राहिली असती, हे सुचलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मी विचारलं, मोनेची सही असणार का? उत्तर आलं, "नाही सर, सही आम्ही मुद्दाम टाकत नाही. उद्या कुणी अस्सल म्हणून खपवायला नको." हे वाचून माझा उरलासुरला संशयही गेला. इतका प्रामाणिक माणूस!

ऑर्डर दिल्यापासून नवव्या दिवशी चित्र दारात हजर. मी खूश. खरं तर इथेच ब्रेक लागायला हवा होता. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. पातळ थरालाही काही दिवस लागतात, जाड फटकाऱ्यांना आठवडे, कधी महिने. नऊ दिवसांत रंगवून, वाळवून, बांधून, प्रवास करून आलेलं तैलचित्र? आणि वासाचा मागमूस नाही!

ताईने भिंग आणलं, खोलीतले दिवे मालवले आणि मोबाइलचा टॉर्च कॅनव्हासच्या बाजूने, अगदी आडवा धरला. तिरप्या प्रकाशात ब्रशचे उंचवटे लख्ख दिसायला लागले. मला हायसं वाटलं, हे बघ की, ब्रश फिरलाय! ती म्हणाली, "फिरलाय. पण कशावरून फिरलाय ते बघ."

उंचवट्याची एक रेघ आकाशातून निघाली, सूर्याच्या मधोमध गेली आणि पलीकडे पुन्हा आकाशात उतरली. सूर्याच्या कडेशी ना थांबली, ना वळली. पुढच्या होडीतल्या माणसाच्या अंगावरूनही तसेच आडवे ओरखडे, जणू तो तिथे नाहीच. रंगवणारा माणूस होडी रंगवताना होडीच्या आकाराने हात फिरवतो. इथे रंग एकीकडे, ब्रश दुसरीकडे. भिंगाखाली पाहिलं तर नारिंगी सूर्य म्हणजे पिवळ्या-गुलाबी शाईच्या बारीक ठिपक्यांची रांगोळी. कॅनव्हासवर फोटो छापायचा, वरून पारदर्शक जेल ब्रशने फासायचं, झालं 'हाताने केलेलं' चित्र. त्यातही गंमत अशी की मूळ चित्रात मोनेने रंग बराचसा पातळच लावलाय, होडी म्हणजे चार-सहा गडद फटकारे. माझ्या चित्रात मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखा खडबडीतपणा, प्लास्टर केल्यासारखा.

मग तिने चित्र भिंतीवरून काढून उलटंपालटं केलं. मी 60 बाय 90 सेंटिमीटर मागवलं होतं, कारण पर्यायात तेच 'लोकप्रिय' होतं. मूळ चित्र 48 बाय 63. त्याच प्रमाणात रुंदी 90 केली तर उंची साडेअडुसष्टच्या आसपास यायला हवी. मग जास्तीचे साडेआठ सेंटिमीटर गेले कुठे? लाकडी चौकटीच्या कडांवर. आकाश वरच्या कडेवर दुमडलेलं, पाणी खालच्या. आणि खालच्या कडेवर, डावीकडे, मोनेची सही आणि 72चा (म्हणजे 1872चा) आकडा, अर्धा पुढच्या बाजूला, अर्धा दुमडीत. 'आम्ही सही टाकत नाही' म्हणणाऱ्यांनी ती पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.

ताईला मात्र तोवर वेगळाच चेव चढला होता. नक्कल करणाऱ्याची खरी परीक्षा म्हणे सूर्यात असते. मूळ चित्रात सूर्याचा उजळपणा भोवतीच्या आकाशाइतकाच आहे, फरक फक्त रंगाचा. म्हणून चित्राचा फोटो कृष्णधवल केला की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. कच्चा चित्रकार सूर्य म्हणून उजळ रंग लावतो आणि तिथेच पकडला जातो. आम्ही माझ्या चित्राचा फोटो काढून कृष्णधवल केला. सूर्य छान विरला. विरणारच, मोनेचाच फोटो तो!

सोबत सोनेरी ठशाचं प्रमाणपत्रही होतं : 'अस्सल कलाकृती'. कशाची अस्सल, नकलेची?

तक्रार केली तर "सर" गळून पडलं. आधी म्हणाले, भिंगाने कुणी चित्र बघतं का. मग वर्णनातली बारीक ओळ दाखवली : 'हँड-फिनिश्ड'. म्हणजे शेवटचा हात आमचा, असा त्यांचा अर्थ. ऑर्डरप्रमाणे बनवलेली वस्तू परत घेत नाही, हवं तर पुढच्या चित्रावर सवलत देतो. मी सगळे चॅट जपून ठेवलेत, सायबर तक्रारही केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही मागवणार असाल तर काम चालू असतानाचा फोटो मागू नका, तो कुणाचाही असतो. माझ्याकडे आलेला 'निळसर अस्तरा'चा फोटो मी नंतर इमेज सर्चमध्ये टाकला, तो तिसऱ्याच चित्रकाराच्या पानावर दोन वर्षांपूर्वीपासून होता. त्याऐवजी तुम्ही सांगाल तो शब्द कागदावर लिहून अर्धवट चित्राशेजारी धरायला सांगा. टॉर्च आडवा धरून काढलेला व्हिडिओ मागा, कॅनव्हासच्या मागच्या बाजूचा आणि कडांचा फोटो मागा. 'तैलरंगात, पूर्णपणे हाताने, खाली छापील चित्र नाही' हे एवढं वाक्य त्यांच्याकडून लिहून घ्या. 'हँड-एम्बेलिश्ड' (हाताने सजवलेलं), 'टेक्स्चर्ड' (खडबडीत पोताचं), 'म्युझियम क्वालिटी' यातला एकही शब्द ते वचन देत नाही. आणि मूळ चित्राचं माप बघूनच आकार ठरवा. विक्रेता स्वतःहून "सर, या मापात चित्र कापलं जाईल" म्हणाला नाही, तर तिथेच थांबा.

जाहिरात अजून चालू आहे. परवा पुन्हा दिसली. हात तोच, ब्रश तोच, निळसर अस्तरही तेच. या वेळी म्हणे तो मोनेच्याच, पॅरिसजवळच्या आर्जाँतय गावच्या शिडांच्या होड्या रंगवतोय.