सोमवारी तीन ते पाच, महापालिकेच्या फायली बघताना

गेले तीन सोमवार अडीचलाच दुकानाचं शटर ओढतेय. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना हे मुळीच परवडत नाही. पण महापालिकेची ही सोय एकदा वापरून बघायचीच होती, आणि आमच्या गल्लीत ती कुणाला ठाऊकही नव्हती, म्हणून लिहिते.

दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कुणीही जाऊन कार्यालयातल्या फायली बघू शकतो. माहिती अधिकाराचा अर्ज नको, दहा रुपयांचं तिकीट नको. पुणे महापालिकेत हे आधीपासून होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि महापालिका-नगरपालिकांना ते लागू केलं. कागदावर तर झकास.

पहिला सोमवार निव्वळ वाया गेला. गेटवरच्या माणसाला 'पाहणी' म्हटलं तर त्यानं मला घरपट्टीच्या खिडकीकडे धाडलं. तिथून दुसरा मजला, मग तिसरा. शेवटी एका बाईंनी सांगितलं, "ताई, ज्यांच्या टेबलावर ती फाइल आहे ते साहेब साइटवर गेलेत." पाच वाजता शिपायानं पंखा बंद केला. मी निघाले.

दुसऱ्या सोमवारी परिपत्रकाची प्रिंट घेऊन गेले. मग मात्र खुर्ची मिळाली, फाइलही मिळाली. आमच्या दुकानांसमोरचा पदपथ गेल्या वर्षी उखडून पेव्हर ब्लॉक बसवले, त्या कामाची. अंदाजपत्रक, मंजुऱ्या, निविदा, कार्यादेश, बिल, सगळं क्रमानं लावलेलं. तासभर पानं उलटली आणि काही म्हणजे काही हाती लागलं नाही. कागद सगळे बरोबरच असतात हो!

बाजूला एक आजोबा दुसऱ्याच कुठल्या तरी फायलीत डोकं घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, "मोजमाप पुस्तक मागा. ते फायलीत नसतं." हे आधी कळलं असतं तर एक सोमवार वाचला असता, म्हणून तुम्हाला आधीच सांगते. प्रत्यक्ष किती काम झालं याची लांबी, रुंदी, जाडी अभियंता त्या पुस्तकात लिहितो आणि बिल त्यावरून निघतं. एम.बी. म्हटलं की तिथं सगळ्यांना कळतं.

तिसऱ्या सोमवारी एम.बी. समोर आलं. माझ्या मापाच्या वहीसारखंच, फक्त पुठ्ठा जाड. आमच्या तुकड्याची एकच ओळ होती: लांबी ६२.०० मीटर, रुंदी १.८० मीटर, एकूण १११.६० चौरस मीटर. मी घरूनच मापं घेऊन गेले होते. माझी टेप साठ इंची. दुकानासमोर ती आडवी धरली तर पदपथ संपून एक इंच टेप उरते, म्हणजे जेमतेम दीड मीटर. १.८० म्हणजे जवळजवळ एकाहत्तर इंच. फूटभर पदपथ गेला कुठे? छातीच्या मापात मी फूटभर वाढवून लिहिलं तर गिऱ्हाईक ब्लाउज तोंडावर फेकेल.

तिथला तरुण अभियंता सरळ होता, चिडला नाही. म्हणाला, "काकू, काही ठिकाणी रुंदी जास्त असते, सरासरी धरतात." असेल बाई. पण सरासरी काढायची तर दहा ठिकाणची मापं लिहायला हवीत, इथं एकच आकडा. त्यात दोन झाडांची आळी आणि वीजपेटीचा चौथराही वजा नाही. मी घरी येऊन सहा ठिकाणी मोजलं. सगळ्यात रुंद जागा मेडिकलसमोर, चौसष्ट इंच.

पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. नुसती पाहणी करून तसं म्हणताही येत नाही, कारण हातात सही-शिक्क्याची प्रत नसते. त्यासाठी मी आता रीतसर माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय: दहा रुपये फी, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराला तीस दिवस. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, तो महाराष्ट्राचा नियम आहे. या कायद्यात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे, कापडाचा तुकडा मागतात तसा. ब्लॉकची जाडी खटकली तर तेही करीन.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा त्या अभियंत्याचा, त्यानं पुस्तक लपवलं नाही म्हणून. दीड कापला तो वेळेपायी: कामाधंद्याच्या माणसानं सोमवारी भरदुपारी यायचं, आणि त्यातला पाऊण तास फाइल शोधण्यातच जातो.

जाणार असाल तर कामाचं नाव, वर्ष आणि जमलं तर कार्यादेश क्रमांक लिहून न्या. साधी वही न्या. आणि पाण्याची बाटली, तिसऱ्या मजल्यावरचा कूलर बंद आहे.