हरणासाठी कुठली बंदूक, अस्वलासाठी कुठला उपाय?

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. पलीकडचा माणूस माझ्यासारखाच पुण्या-सांगलीकडून पेनसिल्व्हेनियात आलेला, ऑफिसातल्या मित्राच्या नादाने शिकारीकडे वळलेला. प्रश्नही ठरलेला: "पहिली बंदूक कुठली घेऊ? आणि अस्वल आलं तर तीच चालेल ना?"

गफलत त्या 'आणि'मध्ये आहे. मीही ती करून बसलोय. डोक्यात अस्वल घेऊन दुकानात गेलो आणि थ्री-हंड्रेड विन मॅग, म्हणजे जबर धक्क्याच्या काडतुसाची रायफल, घेऊन बाहेर पडलो. त्या मोसमात साठेक यार्डांवर हरणाची मादी उभी राहिली. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढतानाच माझे डोळे मिटले आणि गोळी पोटात लागली. रात्री अकरापर्यंत बॅटरीच्या उजेडात रक्ताचा माग काढत फिरलो. सकाळी ती सापडली तेव्हा कायोटींनी (इथले कोल्ह्यासारखे रानकुत्रे) मागचा भाग संपवला होता. त्या वर्षी माझी हिंस्र प्राण्यांशी गाठ पडली ती एवढीच, आणि त्यांच्यासाठी पान मीच वाढून ठेवलं होतं.

तेव्हा दोन्ही प्रश्न सुटे करून बघू.

आधी कागद आणि नकाशा

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढताना हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो सोपा आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर मात्र जपून. केंद्रीय कायद्याने अशा माणसाला एरवी बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर. 'मित्राची तासभर हातात घेतली तर काय झालं' हेही यातच आलं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

मग नकाशा. तुम्ही राहता कुठे हे महत्त्वाचं नाही, शिकार कुठे करणार ते बघा. फिलाडेल्फियाभोवतीच्या बक्स, चेस्टर, मॉन्टगोमेरी, डेलावेअर या काउंट्या, खुद्द फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गची अ‍ॅलेगेनी काउंटी इथे वस्ती दाट, म्हणून हरणासाठी सेंटरफायर, म्हणजे नेहमीच्या जोरदार काडतुसाची, रायफल चालत नाही. नदीपलीकडे न्यू जर्सीत तर राज्यभर काडतुसाची रायफल हरणाला वर्ज्य. तिथे शॉटगन नाहीतर ठासणीची बंदूक, आणि खरेदीसाठी वेगळं ओळखपत्र. शिवाय पेनसिल्व्हेनियात हरणावर सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालवता येत नाही, त्यामुळे एआर-१५ घेऊन जंगलात जायचा बेत असेल तर तो इथेच संपला. नियम बदलत राहतात, गेम कमिशनची (राज्याचं शिकार खातं) त्या वर्षीची पुस्तिका वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.

लिव्हर की बोल्ट?

उत्तरेकडे पॉटर काउंटीच्या वगैरे जंगलात जाणार असाल तर खरी निवड या दोन रायफलींत आहे: लिव्हर, म्हणजे चापाजवळची कडी खाली-वर करून काडतूस भरायची, आणि बोल्ट, म्हणजे बाजूचा दांडा मागे-पुढे करून भरायची.

थर्टी-थर्टी हे काडतूस १८९५ चं, जॉन ब्राउनिंगने आखलेल्या विंचेस्टर ९४ या लिव्हर रायफलसाठी आलेलं. तिची जोडीदारीण मार्लिन ३३६ ही १९४८ ची. इथल्या प्रत्येक डिअर कॅम्पच्या (शिकाऱ्यांच्या जंगलातल्या मुक्कामाच्या) भिंतीवर यांतली एक टांगलेली असते, बहुतेक वेळा कुणाच्या तरी आजोबांची. बंदूक आखूड, हलकी, चपटी. झुडपांतून चालताना अडकत नाही. साधारण १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला २४०० फुटांच्या आसपास सुटते आणि दीडशे यार्डांपर्यंत हरणाला भरपूर होते. त्यापुढे गोळी झपाट्याने खाली येते. पण या जंगलात शंभर यार्डांपलीकडे दिसतं कुठे?

तिच्या खोडी मात्र आधी माहीत हव्यात. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, एकाची गोळी पुढच्याच्या बुडाला टेकलेली. तिथे टोकदार गोळी घालायची नाही. धक्क्याने टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोपीवर आपटलं तर बार आतच होईल. म्हणून गोळ्या चपट्या नाहीतर गोल तोंडाच्या, किंवा मुद्दाम यासाठी बनवलेल्या मऊ प्लॅस्टिक टोकाच्या. जुन्या विंचेस्टरचं रिकामं काडतूस वर उडतं, त्यामुळे दुर्बीण बसवणं कटकटीचं. मार्लिनचं बाजूने पडतं. आणि जुन्या मॉडेलांत बंदूक रिकामी करायची तर एकेक काडतूस चेंबरमधून फिरवत बाहेर काढावं लागतं. दिवसभर थंडीत बसून बोटं बधिर झाल्यावर नवख्या हाताने हे करावं, हे मला पसंत नाही.

बोल्ट रायफलचं हे सगळं सरळ. बोल्ट मागे ओढला की आतलं दिसतं, मॅगझिन (काडतुसांची पेटी) निघत असेल तर काढून खिशात टाकलं की झालं. नेम बारीक, दुर्बीण सहज बसते. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिससारखी साधी रायफल साधारण चारशे ते सहाशे डॉलरांत मिळते. नवी मार्लिन ३३६ हजाराच्या पुढे जाते. (मार्लिन २०२० पासून रुगरच्या हातात आहे. बनावट चांगली आहे, पण किंमत आजोबांच्या आठवणींचीही लावली आहे असं मला वाटतं.)

पहिली आणि एकच बंदूक घेणाऱ्याला मी बोल्टच सांगतो. लिव्हर ही प्रेमाने घ्यायची दुसरी बंदूक.

काडतूस कुठलं, यावर कॅम्पमध्ये रात्र सरते. माझ्या लेखी खांदा काय म्हणतो तेच महत्त्वाचं. १९५५ चं टू-फोर्टी-थ्री दहा फूट-पौंडांच्या आसपास धक्का देतं. १९५२ चं थ्री-ओ-एट सतराच्या आसपास, १९०६ चं थर्टी-ऑट-सिक्स वीसच्या आसपास, आणि माझ्या त्या विन मॅगचा आकडा पंचविसाच्या वर. सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर २००७ चं, धक्क्याला टू-फोर्टी-थ्रीच्या जवळचं; त्याची कॅम्पमधले जुने लोक चेष्टा करतात आणि गुपचूप बायकोसाठी तेच घेतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण हे काही सांबर नव्हे. यांतल्या कशानेही, फुप्फुसात लागलं तर, ते शंभर यार्डांच्या आत पडतं. पोटात लागलं तर विन मॅगनेही पडत नाही, हे मी कबूल केलंच आहे. सडपातळ बांधा असेल, रेंजवर सरावाला जायला वेळ मिळत नसेल तर क्रीडमूर. एल्कसाठी (फार मोठं हरीण) पश्चिमेला जायचं स्वप्न असेल तर थ्री-ओ-एट.

जिथे रायफल चालत नाही

तिथे शॉटगन. दोन प्रकार नीट वेगळे ओळखा. गुळगुळीत नळीतून साधा फॉस्टर स्लग (छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) पंचाहत्तर यार्डांपर्यंत भरवशाचा. आतून पेच असलेल्या नळीतून सॅबो स्लग (प्लॅस्टिकच्या वेष्टनातली गोळी) दीडशेपर्यंत जातो, पण एकेक काडतूस महाग. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० घेतली तर नळी बदलता येते, त्याच बंदुकीने वसंतात टर्कीही होते. बारा गेजचा (गेजचा आकडा मोठा तितकी नळी बारीक) स्लग खांद्याला विन मॅगसारखाच बडवतो. वीस गेज पुरे.

ठासणीच्या बंदुकीचं नाव निघालं की मला सावंतवाडीचे आजोबा आठवतात. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची त्यांची बंदूक, दारू-छरे ठासायचा गज, आणि रानडुकराच्या गोष्टी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली, माझ्या वाट्याला गोष्टीच आल्या. इथे नाताळानंतर चकमकीच्या बंदुकीचा वेगळा मोसम असतो. बर्फ, गारगोटीची ठिणगी, पाच वेळा ओढलं तर दोनदा उडते. मजा आहे, पण पहिली बंदूक म्हणून नको.

आता अस्वल

पेनसिल्व्हेनियात आहे ते काळं अस्वल. बहुतेकदा तुमचा वास लागला की ते तुमच्याआधी निघून जातं. त्याला मारायला वेगळा परवाना लागतो, हरणाच्या परवान्यावर ते बसत नाही. कायोटी येतात ते तुम्ही टाकलेल्या आतड्यांवर. डोंगरी सिंह पाहिलेला एक काका प्रत्येक कॅम्पमध्ये असतो. सरकारने तोच प्राणी, पूर्वेकडचा प्यूमा, २०१८ मध्ये नामशेष म्हणून यादीतून काढला, तरी काकांचं दर्शन चालू आहे.

काळं अस्वल क्वचित जीवघेणं होतं, पण होतं. २०१४ मध्ये न्यू जर्सीत वेस्ट मिलफर्डच्या रानात एका तरुणाचा जीव गेला. दिसलं तर पळू नका, पाठ दाखवू नका, अंग मोठं करून मोठ्याने बोलत मागे सरका. अंगावर आलंच तर हाती येईल त्याने झुंजा. पश्चिमेकडच्या तपकिरी अस्वलाचं, ग्रिझलीचं, गणित उलटं: पिल्लं किंवा मांस राखताना बिथरलेली ग्रिझली धडकली तर पालथं पडून मानेवर हात घ्यायचे. रंगावर जाऊ नका, खांद्यावरचा उंचवटा बघा.

मॉन्टाना-वायोमिंगला जाणार असाल तर 'पिस्तूल की फवारा' हा प्रश्न खरा होतो. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनी सहकाऱ्यांसह अलास्कातल्या घटना तपासल्या. २००८ च्या अभ्यासात तिखटाच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वल ९२ टक्के वेळा आणि काळं ९० टक्के वेळा थांबलं. जवळून गाठ पडलेल्या फवारेवाल्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२ च्या अभ्यासात पिस्तुलं ८४ टक्के आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा कामी आल्या, पण बंदूक चालवली म्हणून जखमा कमी झाल्या असं दिसलं नाही. दोन्ही अभ्यासांतले प्रसंग सारखे नव्हते, तेव्हा आकडे शेजारी मांडून पैजा लावू नका. तरी लांब बंदूक पिस्तुलाच्याही मागे पडली, हे 'तीच चालेल ना' विचारणाऱ्याने वाचावं. कारण सोपं आहे: हरीण सोलताना बंदूक झाडाला टेकलेली असते, आणि अस्वल तेव्हाच येतं.

पिस्तूल कोणाला? जो दर महिन्याला सराव करतो त्याला. धावत्या अस्वलाच्या डोक्याचा नेम धरणं आणि कागदाला भोक पाडणं यांत फार अंतर आहे. शिवाय अमेरिकेच्या मुख्य भूमीत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. स्वसंरक्षणात मारली तरी लगेच कळवावं लागतं आणि चौकशी होते. फवारा वाऱ्यात उडतो, कडाक्याच्या थंडीत मंदावतो, तीन-चार वर्षांत जुना होतो. पण त्याला बारीक नेम लागत नाही आणि चूक झाली तर सोबत्याचे डोळे चुरचुरतात, प्राण जात नाही.

घेताना माणसांसाठीची किल्लीला लटकवायची कुपी नको; पर्यावरण खात्याच्या नोंदणीचा, किमान ७.९ औंसाचा, पंचवीस फूट तरी जाणारा 'बेअर स्प्रे' हवा. तो पिशवीत नाही, छातीवर. आणि तंबूवर मारून ठेवू नका, सुकलेल्या तिखटाच्या वासाने अस्वल उलट जवळ येतं. आमच्यातल्या एकाने डासांच्या औषधासारखा बुटांवर मारला होता, तो किस्सा पुन्हा कधी.

विमानात तो सामानातही चालत नाही. बोझमनला उतरून तिथेच विकत घ्यायचा, आणि परतताना हॉटेलच्या काउंटरवर पुढच्या शिकाऱ्यासाठी ठेवून यायचा. मागच्या खेपेला मला माझा तसाच मिळाला, निम्मी मुदत शिल्लक असलेला.