नवी केमिस्ट्री लॅब: दहा महिने वापरल्यावर

आमच्या विभागाची नवी लॅब गेल्या जुलैत ताब्यात आली. एक पावसाळा, एक कडक उन्हाळा आणि दोन सेमिस्टरच्या प्रॅक्टिकल परीक्षा तिने काढल्या आहेत, म्हणून आता लिहिते. आराखडा ठरवणाऱ्या समितीत मी होते. बैठकांचा निम्मा वेळ टेबलांचा रंग, टाइल्स आणि कपाटांच्या दारांवर गेला. हवेबद्दल पंधरा मिनिटंही बोललो नसू, आणि दहा महिन्यांत सगळ्यात जास्त छळलं ते हवेनंच.

हिशेब साधा आहे. फ्यूम हूड म्हणजे प्रयोगातला धूर ओढून बाहेर टाकणारं, पुढे वर सरकणारी काच असलेलं कपाट. दीड मीटर रुंदीचा हूड, काच ४५ सेंटीमीटर उचललेली, तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर एक हूड तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा ओढतो. आमच्याकडे असे आठ. लॅब १८ बाय १० मीटर, उंची साडेतीन. आठही हूड चालू असले की दर चार मिनिटांना खोलीभर हवा गच्चीवरून बाहेर जाते. तेवढी हवा आत कुठून येणार, हे नकाशात कुठेच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एमएस्सीची बॅच आत असताना दार उघडेना. आमची दारं बाहेर उघडणारी, आणि आतला दाब कमी झाल्याने ती चौकटीला घट्ट बसली. एका मुलीने खांदा लावला तेव्हा उघडलं. त्या क्षणी आत आग असती तर, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. खिडक्या उघड्या ठेवून पाहिल्या, तर वाऱ्याने हूडमधला धूर खोलीत. शेवटी ताजी हवा गाळून आत सोडणारा वेगळा ब्लोअर बसवला. जेवढी हवा बाहेर जाते त्याहून थोडी कमी तो आत देतो, त्यामुळे वास व्हरांड्यात येत नाही आणि दारही सहज उघडतं. पण त्यासाठी नवं कोरं फॉल्स सीलिंग फोडावं लागलं.

कागदावर हूड पास झाले होते. मला मात्र शंका होती. एका शनिवारी हूड रिकामा केला, आसपास सॉल्व्हंटची एकही बाटली नाही हे पाहिलं आणि काचेपुढे उदबत्ती धरली. धुराची रेघ सरळ मागच्या फटीत जात होती. मग छताचा पंखा तीनवर केला. रेघ काचेखाली घुटमळली, वळली आणि माझ्या नाकापर्यंत आली. नायट्रिक आम्लाचा तांबूस धूर असाच मुलांच्या चेहऱ्यावर येत असणार. हूडसमोरचे दोन्ही पंखे त्याच दुपारी उतरवले. मुलं उकाड्याची तक्रार करतात, ती खरीही आहे, पण ते पंखे मी परत लावू देणार नाही.

पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून कंत्राटदाराने हूडची हवा बाहेर सोडणाऱ्या गच्चीवरच्या चिमण्यांवर पत्र्याच्या टोप्या ठोकल्या होत्या. धूर टोपीवर आपटून खाली यायचा आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून परत आत. टोप्या काढून पाणी बाजूने निथळेल आणि हवा सरळ वर फेकली जाईल अशी दुहेरी नळी लावली, चिमण्यांची उंचीही वाढवली. तेव्हापासून तक्रार नाही.

टेबलांबद्दल मात्र मी मनापासून खूश आहे. जुन्या लॅबमध्ये कडप्पा होता. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्ल सांडलं की फसफसायचं आणि पांढरा डाग कायमचा. आता ग्रॅनाइट आहे, सांधे इपॉक्सीने भरलेले, आणि दहा महिन्यांत एक डाग नाही. जुन्या कडप्प्याचे तुकडे करून सांडपाण्याचं आम्ल मारायच्या टाकीत घातले, ते छान काम देतात. फक्त सल्फ्युरिकमुळे त्यांच्यावर जिप्समचा थर बसतो आणि मग ते निकामी होतात. दर सेमिस्टरला ते खरवडून धुवावे लागतात.

१८५५ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनसाठी नवी प्रयोगशाळा उभी राहिली. शहरात नुकताच गॅस आला होता. त्या बांधकामाच्या काळातच त्याने पीटर डेसागा या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराकडून आपला गॅसचा बर्नर घडवून घेतला. वापरणारा माणूस बांधकामात असला की असं होतं. आमचे परिचर मामा तीस वर्षं लॅबमध्ये आहेत, त्यांना नकाशा दाखवायचं कुणाला सुचलं नाही. बेसिनं फक्त टेबलांच्या टोकाला आहेत, आणि चोवीस मुलं ओल्या हातात काचेची भांडी घेऊन रांगेत उभी राहतात. एलपीजीचा डिटेक्टर छताला लावलेला मामांनीच दाखवला. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. डिटेक्टर खाली आला, बेसिनांचं काम अजून बाकी आहे.

फेब्रुवारीत ब्युरेट भरताना एका मुलीच्या डोळ्यात सोडियम हायड्रॉक्साइड उडालं. आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा नळ, सहा पावलांवर होता. मामांनी तिला तिथे नेलं, मी तिच्या पापण्या उघड्या धरल्या आणि घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटं पाणी सोडलं. जमिनीला ड्रेन नव्हता, पाणी थेट टेबलांखालच्या विजेच्या प्लगपर्यंत गेलं, ते वेगळंच. डोळा वाचला. एप्रिलमध्ये मी सहज पाणी सोडून पाहिलं तर हात ठेववेना. लाइन गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आली होती. आता ती तळमजल्यावरच्या सिमेंटच्या टाकीला पंप लावून जोडली आहे, खाली ड्रेनही झाला. दर सोमवारी बॅच सुरू व्हायच्या आधी मामा तांबूस पाणी जाईपर्यंत आयवॉश चालू ठेवतात आणि त्याखाली स्वतःचा हात धरून बघतात.