मियाको ओदोरी : क्योतोतील एका तासाचा नृत्यानुभव

गेइशा, म्हणजे नृत्य-संगीतात निपुण जपानी कलावंत स्त्रिया, यांच्या परंपरेचा अभ्यास हा माझा जुना छंद असल्याने, एप्रिलमध्ये क्योतोला गेल्यावर गिओन कोबू काबुरेनजो नाट्यगृहातील 'मियाको ओदोरी' हा गेइशांचा वार्षिक नृत्यप्रयोग पाहणे ठरलेलेच होते. राजधानी तोक्योला गेल्यावर मरगळलेल्या क्योतोला उभारी देण्यासाठी १८७२ साली सुरू झालेल्या या प्रयोगाची पहिली नृत्यरचना तिसऱ्या इनोउए याचियो (हे नाव पिढ्यान्‌पिढ्या घराण्याच्या प्रमुख नृत्यगुरूला मिळते) यांनी केली होती, आणि आजही तो इनोउए घराण्याच्याच शैलीत सादर होतो. (क्योतोत गेइशेला 'गेइको' आणि शिकाऊ मुलीला 'माइको' म्हणतात; या प्रयोगात नाचतात त्या याच.)

'योइयासा' ही आरोळी उठताच निळ्या किमोनोतील नर्तकी दोन्ही बाजूंच्या मार्गिकांवरून संथपणे आत येतात. एका बाजूला शामिसेन (तीन तारांचे जपानी वाद्य) व गायन, दुसऱ्या बाजूला बासरी आणि ताल. पडदा न पाडताच ऋतू बदलत जातात. इनोउए शैलीत चेहरा जवळजवळ निश्चल राहतो आणि सगळे भाव मानेच्या किंचित वळण्यात व पंख्याच्या कोनात साठवलेले असतात. आपल्याकडच्या अभिनयप्रधान नृत्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे सुरुवातीला कोरडे वाटते, मला तर दुसऱ्या प्रवेशापर्यंत वाटले.

ज्या दलालामार्फत मी तिकीट काढले, त्याने 'मधली जागा' सांगून अगदी कडेची दिली. पण तिथून पाऊल टेकण्याआधी पांढरा मोजा क्षणभर थबकतो, ते मात्र स्पष्ट दिसले. चहापानासह असलेले तिकीट घ्यावे, कारण मिठाईची छोटी बशी घरी नेता येते.